गोवर गेल्यावरची केशरबाई

केशरबाईंशिवाय गल्लीत कुणाला हळद लागत नाही, असं खुद्द केशरबाईंचंच म्हणणं. बारसं असो की वास्तुशांत, आवतण पोचायच्या आधी त्या पोचतात. हल्ली कडेवर चार वर्षांची नात, ज्ञानेश्वरी. लेक-सून ऊसतोडीला गेलेले. दोन हंगाम पोरगी त्यांच्याबरोबर फडावरच होती, त्यात तिची गोवराची लस राहिली ती राहिलीच.

माघात पोरीला गोवर निघाला, म्हणजे केशरबाईंच्या लेखी घरात देवी आली, तेव्हा केशरबाईंचा बंदोबस्त बघण्यासारखा होता. दाराला लिंबाचा डहाळा, घरात फोडणी बंद, परक्याची सावलीही बंद. आशाताई मनिषा व्हिटॅमिनचा डोस पाजायला आली, तर तिलासुद्धा पाय धुवायला लावून आत घेतलं. नवव्या दिवशी पोरीला न्हाऊ घातलं, दहीभाताचा गार निवद दाखवला आणि देवीला वेशीपर्यंत पोचवून आल्या. पाव्हणी गेली, केशरबाई सुटल्या.

मग नऊ दिवस तुंबलेल्या भेटीगाठी एकदम सुरू झाल्या. आज हिचं बारसं, उद्या तिचं डोहाळजेवण, आणि पोरगी प्रत्येकीच्या मांडीवरून फिरून घरी. पंधरा दिवसांत तिला हगवण लागली. ती थांबते न थांबते तोच खोकला.

मनिषा म्हणाली, “काकू, गोवर गेला, पण पोरीच्या अंगातले राखणदार संग घेऊन गेला. आधी अंगाला जे आजार ओळखू यायचे, ते आता येत न्हाईत. काही महिने तिला गर्दीत नेऊ नका.”

“महिने? आमची देवी नऊ दिवसांत जाती. तुमच्या सरकारचंच सगळं लय हळू चालतंय.”

“बरं, एवढं तरी करा. खोकायली की फ्रॉक वर करून पोट बघा. मिनटाला चाळीस श्वास झाले की सरळ दवाखाना.”

“चाळीस कोण मोजत बसतंय?”

“दोन विसा मोजा मग.”

पुढच्याच आठवड्यात पूर्णेला भाऊ सितारामच्या पोराचं लग्न. केशरबाई नवरदेवाची आत्या, म्हणजे हळदीच्या सर्वेसर्वा. पूर्णेला जायला सोनपेठच्या स्टँडवर परभणीच्या गाडीत त्यांनी कोपरं मारून खिडकीची जागा धरली. पोरगी मांडीवर निपचित. अंग तापलेलं. केशरबाईंनी फ्रॉक वर केला, तर बरगड्यांखाली खड्डा पडायलेला. शेजारी बसलेल्या एका कॉलेजच्या पोरीला मोबाईलवर घड्याळ लावायला सांगितलं आणि मोजायला लागल्या. दोन विसा संपल्या आणि घड्याळात वीस सेकंद अजून शिल्लक. चुकलं असंल म्हणून पुन्हा मोजलं. तेवढंच.

“आजी, उतरलात तर जागा जाईल,” कंडक्टर म्हणाला.

“जाऊ दे.”

सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी न्यूमोनिया सांगितला आणि पोरीला लगेच ऑक्सिजन लावला. संध्याकाळी सितारामचा फोन आला.

“अक्का, हळद खोळंबलीय. कुठवर आलीस?”

“आले न्हाई. घे उरकून. कुणीबी लावती हळद.”

हे वाक्य केशरबाईंच्या तोंडून निघालं, यावर गल्लीत अजून कुणाचा विश्वास बसत नाही.

चौथ्या दिवशी पोरगी उठून बसली, भात मागायला लागली. डॉक्टरांनी बजावलं, राहिलेल्या लसी आशाताईला विचारून पूर्ण करा, चांगलंचुंगलं खाऊ घाला, आणि काही महिने जपा. नेमकं त्याच दुपारी लग्नाचं वऱ्हाड जीप भरून पोरीला भेटायला आलं. नवरा-नवरी धरून अकरा माणसं, त्यातली तिघं नाक ओढत. केशरबाई वॉर्डाच्या दारात आडवा हात लावून उभ्या राहिल्या.

“लांबूनच बघा. ही आता कुणाच्या मांडीवर बसणार न्हाई.”

सिताराम दुखावला. “अक्का, आमी काय परके हाव?”

“परके असता तर बरं झालं असतं. आलाच नसता.”

वऱ्हाड खिडकीतून हात हलवून परत फिरलं. बुंदीचा डबा तेवढा केशरबाईंनी आत घेतला.