साहेबांचा मासा

आमचे हे निवृत्त झाले आणि घरात एक रिकामं ऑफिस येऊन राहिलं. नोकरीत ते बंधारे तपासत, आता डबे तपासू लागले. तुरीची डाळ कोणत्या डब्यात आहे हे झाकणावर का लिहिलेलं नाही, असा तोंडी मेमो मला भर स्वयंपाकात मिळायचा. पण खरं दुखणं वेगळंच होतं. मध्य प्रदेशातल्या ज्या बालाघाटात चहाच्या टपरीवरही त्यांना 'साहब' म्हणत, तिथे गाडीवरचा भाजीवाला त्यांना 'दादाजी' म्हणाला. त्या दिवशी ते भेंडी न घेताच परत आले आणि नीट जेवलेही नाहीत. मला आधी हसू आलं आणि मग वाईट वाटलं.

सवय सुटेना म्हणून ते अधूनमधून स्कूटर काढून आपल्याच जुन्या बंधाऱ्यांच्या 'दौऱ्यावर' जात. असंच एकदा, पावसाळा सरल्यावर, बैहरच्या वाटेवर घाटाखालच्या नाल्यात उतरले आणि एक फिकट पांढरट दगड घेऊन घरी आले. मी नुकत्याच पुसलेल्या टेबलावर तो ठेवून म्हणाले, "पाह्य. मासा हाये."

होताच मासा. वीतभर लांब, शेपटीशी जरा तुटलेला. अंगभर काळसर चकाकते खवले, एकेक बारक्या शंकरपाळ्यासारखा चारी कोन नीट कापलेला. मी आजवर कुठल्याही दगडाकडे इतका वेळ पाहिलं नव्हतं. हा कोणत्या पाण्यात पोहत असेल, तेव्हा इथे काय असेल, असं काहीबाही मनात येत राहिलं. यांच्या मनात मात्र भलतंच होतं.

"नवा जीव सापडला का शोधणाऱ्याचं नाव देतेत त्याले," ते म्हणाले. "शास्त्रात. कायमचं." आणि आमच्या आडनावाला लॅटिन शेपूट जोडून त्यांनी ते मला म्हणून दाखवलं. भाजीवाल्याला द्यायचं उत्तर त्यांना सापडलं होतं.

मग मोहल्ल्यातली तज्ज्ञ मंडळी येऊन गेली. डावीकडच्या गुरुजींनी चपला बाहेर काढून हात जोडले. "साक्षात मत्स्यावतार हैं, भाभीजी." उजवीकडच्या भाईसाहेबांनी दगड आधी उचलून पाहिला. आमच्या या खाणींच्या मुलखात दगड कोणी डोळ्यांनी बघत नाही, जड लागला तर मॅंगनीज आणि हलका लागला तर दगड. हा हलका निघाला तेव्हा ते खट्टू झाले आणि "रोहू होगा" म्हणून चहा पिऊन गेले. ज्या घरात अंडंसुद्धा मागच्या दाराने येतं, त्या घराच्या टेबलावर रोहू आठवडाभर राहिला.

खरं ओळखणारं कोणीतरी हवं, म्हणून मीच माझ्या नागपूरच्या भाचीला फोन केला. तिची एक मैत्रीण कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवते. त्या मुलीने फोनवर यांना बजावलं, "काका, दगड आहे तसाच ठेवा. हात लावू नका. मी रविवारी येते." यांनी ती सूचना वरून आलेल्या सगळ्या सूचनांसारखीच घेतली. ऐकली, मान हलवली, बाजूला ठेवली.

रविवारी सकाळी घर चकाचक झालं. पडदे धुतलेले, दिवाणावर नवी चादर, मी साबुदाण्याचे वडे तळत होते. माशाच्या खाचांत तेवढी माती राहिली होती. आमच्यासारख्या घरांत पाहुण्यासमोर न घासलेली वस्तू येत नाही. सणाच्या आदल्या दिवशी देवसुद्धा चिंचेने घासून निघतात, तिथे माशाची काय कथा!

वडे काढून मागे गेले तर हे मोरीपाशी पाटावर बसलेले. लग्न झाल्यापासून ज्यांनी स्वतःचा कप विसळला नव्हता ते गृहस्थ बाह्या वर करून, हातात नारळाची शेंडी घेऊन घासत होते. दगड पितळी परातीत चिंचेच्या कोळात बुडालेला. कोळाला बारीक बारीक फेस येत होता.

"अहो, काहून घासून राह्यले तुमी? त्या पोरीनं हात लावू नका म्हटलं ना?"

"हात कुठं लावून राह्यलो? शेंडीनं घासून राह्यलो. पाह्य, कसा फेस येते. मळ निघून राह्यला सारा."

त्यांनी परात मोरीत उपडी केली आणि वरून बादलीभर पाणी ओतलं. दगड पंचाने पुसला. लख्ख निघाला होता, आणि त्यावर मासा नव्हता. माशाच्या आकाराचा एक स्वच्छ खळगा होता. चुनखडीच ती, चिंचेने विरघळली, आणि तिने घट्ट धरून ठेवलेले खवले सुटून वाहून गेले.

"गेला," हे म्हणाले. पंचा तसाच हातात. बोलायला माझ्याकडे कितीतरी वर्षांचं साठलेलं होतं, पण त्यांचा चेहरा बघून मी नुसती परात उचलून भिंतीला टेकवली.

तेवढ्यात ती मुलगी आली. बाहेरच्या खोलीत गुरुजी झेंडूचा हार आणि भाईसाहेब मोबाइल सरसावून बसलेच होते. हे तिला थेट मागे घेऊन आले, दगड दाखवला आणि नोकरीतल्या आवाजात म्हणाले, "सदर मासा धुतल्या गेला." कोणी धुतला ते नाही. आयुष्यभर यांच्या खात्यातल्या चुका अशा आपोआपच होत आल्या.

मुलीने दगड वास घेऊन पाहिला. चिंच कळली असावी. कपाळाला हात लावला, पण ओरडली नाही. "काका, मोरीचं पाणी जातं कुठे?"

"अळूच्या वाफ्यात."

"काकू, पिठाची चाळणी आहे?"

माझी चांगली चाळणी गेली. ती मुलगी आणि हे, इस्त्रीची पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, अळूत उकिडवे बसले. चिखल काढायचा, चाळणीत घालायचा, हलक्या हाताने पाणी सोडायचं. बराच वेळ नुसती वाळू, भाताची शितं, माझी हरवलेली टिकली. मग जाळीवर एक काळा, चकचकीत, चारकोनी खवला राहिला. त्यामागे आणखी काही. मुलीने भिंग लावलं आणि तिचा चेहरा उजळला.

"'गार' नावाच्या जातीचा मासा आहे. डायनोसॉरच्या काळातला. आपल्याकडे आता उरला नाही, अमेरिकेत त्याचे भाऊबंद आहेत. यांचे खवलेच सापडतात सहसा. अख्खा मासा..." ती मध्येच थांबली.

हे चिखलात उभे राहिले. "नवा हाये ना पण? नाव द्याले?"

"नाही काका. ओळखीचा आहे. नाव केव्हाच ठेवलंय त्याचं."

"बरं," हे म्हणाले. चाळणी हातात धरून तसेच उभे. मला त्यांची फार दया आली.

एवढ्यात वाट बघून कंटाळलेले गुरुजी हारासकट मागच्या दारात आले. "क्या हुआ साहब, मछली कहाँ है?" आता परत 'धुतल्या गेला' ऐकायची मी तयारी केली.

"मैंने धो डाली," हे म्हणाले आणि माझ्याकडे बोट केलं. "इमली से. इसने मना किया था. मैंने सुना नहीं."

असं वाक्य यांच्या तोंडून मी लग्नानंतर प्रथमच ऐकलं. लोकांसमोर, आणि तेही माझी बाजू घेऊन. मी घाईने आत गेले आणि थंड झालेले वडे उगाच परत तळले.

मुलगी खवले घेऊन गेली. रिकामा दगड यांनी शोकेसमध्ये, निरोपसमारंभाच्या श्रीफळाशेजारी मांडला. जो येईल त्याला स्वतः दाखवतात, आणि चिंचेचा भाग गाळत नाहीत. गोष्ट मोहल्लाभर झाली, मग बाजारात गेली.

परवा सकाळी फाटकाशी गाडी थांबली. भाजीवाल्याने हाक मारली, "मछली वाले साहब! भिंडी ताज़ी है। इमली भी दूँ क्या?"

मी धसकून यांच्याकडे पाहिलं. यांनी कॉलर सारखी केली, चपला घातल्या आणि बाहेर गेले. भेंडी घेऊन आले, आणि चिंचही.