भाता

माझे मामा म्हसावदच्या भजनी मंडळात पेटी वाजवायचे, चालीही स्वतःच बांधायचे. अर्धांगवायूने त्यांचा डावा हात गेला. पेटीचा भाता त्याच हाताने मारायचा असतो, म्हणून मामांचं वाजवणं संपलं, असं गावाने ठरवून टाकलं. दुसऱ्याचं संपवायची लोकांना भारी घाई. मामी पेटीमागे जाऊन बसली आणि भाता मारू लागली. मामा उजव्या हाताने वाजवू लागले.

त्यानंतर बांधलेल्या चालींमध्ये कडव्याच्या मध्येच एक थांबा येतो. सूर विझतो, सगळे गप्प होतात, मग पुढची ओळ उठते. मंडळातले जाणकार या थांब्यावर माना डोलवतात. मीही डोलवायचो.

गेल्या हिवाळ्यात मामी माहेरी सारंगखेड्याला गेली, तेव्हा घरी भात्यावर मी बसलो. माझा हात अगदी एकसारखा चालत होता. कडव्याच्या मध्यावर मामांनी बोटं उचलली.

"थांब ना भो. आठे भाता नको."

"इथे का नको?"

"आठे तुन्ही मामी दूध दखाले उठस."

मला हसू आलं. मामा हसले नाहीत. त्यांनी कडवं पुन्हा सुरू केलं.

दूध मी मघाशीच तापवून, झाकून ठेवलं होतं; बघायला उठायची गरज नव्हती. तरी ती जागा आली तेव्हा मी भात्यावरचा हात काढला आणि स्वयंपाकघराकडे बघत बसलो. मामाही तिकडेच बघत होते.