चौकोनी पाकीट

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. सांगण्यासारखं आहे तरी काय त्यात — एक पाकीट, तेही कागदाचं! ऐकणारा हसेल, म्हणेल, एवढ्याचं काय घेऊन बसलीस? म्हणूनच बहुतेक इतकी वर्षं गप्प बसणं सोपं गेलं.

घरी ग्रीटिंग कार्डं करायची मला हौस आहे. कसबा बावड्यातल्या आमच्या गल्लीत कुणाचं बारसं असो, वाढदिवस असो, कार्ड माझंच. फोटो चिकटवायचा तर कागद जाड हवा, नाहीतर डिंकानं फुगतो. फार गुळगुळीतही नको, पेन घसरतं. आणि पाकीट आधी ठरवायचं, कार्ड मग कापायचं — हे मी चारजणींना शिकवलंय.

आई-आबांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली, त्या दिवाळीला सगळ्या पाहुण्यांना फोटोचं कार्ड पाठवायचं ठरलं. फोटो कोडोलीच्या, आमच्या माहेरच्या घरासमोर काढलेला. मधे आई-आबा, मागं दादा-वहिनी, मी, माझा नवरा, पोरं. आणि उजव्या कडेला, हातभर अंतर सोडून, अक्का — माझी थोरली बहीण. भाऊजी जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. तेव्हापासून ती कुठंही कडेलाच उभी राहायची. कुणी तसं सांगितलं नव्हतं. "मधे ये" असंही कुणी म्हटलं नव्हतं.

आता पुढचं सांगू की नको? सांगितलं तर कारण पुढं केल्यासारखं होईल. न सांगितलं तर तुम्हाला काही कळणार नाही.

लग्नाआधी मला पुण्यात नोकरी लागली होती. अक्का तेव्हा मुरगूडहून माहेरपणाला आलेली. मी फक्त तिला सांगितलं. कुणाला बोलणार न्हाय, अशी माझ्या गळ्याची शपथ घेतली तिनं. दोन दिवसांनी आबा जेवताना म्हणाले, "पुणं-बिणं काय न्हाय. ऐतवारी पावणं बघाय येणार हायत." मी अक्काकडं पाहिलं. ती खाली मान घालून भाकरी मोडत राहिली. जिच्याजवळ मन मोकळं करायचं, तिनंच केसानं गळा कापला! पुढं संसार चांगला झाला माझा, नाही असं नाही. पण अढी गेली नाही. ती आली की मी हसायचे, चहा करायचे, आणि आतून धुमसायचे. तिनं का सांगितलं, हे मात्र एकदाही विचारलं नाही.

तर पाकिटं. आडव्या फोटोच्या साठ प्रती काढून आणल्या होत्या, पाच बाय सातच्या. लक्ष्मीपुरीतल्या दुकानदारानं त्या मापाची क्रीम रंगाची पाकिटं पुढं ठेवली. "ह्यात बरोब्बर बसतंय बघा ताई." बसत होतं. मी ठेवून बघितलं. शेजारी चौकोनी पाकिटांचा गठ्ठा होता. फोटो त्यावर ठेवला — तर डावीकडं दादाची मोटरसायकल बाहेर राहत होती, आणि उजवीकडं अक्का. विचार करायला किती वेळ घेतला असेल मी? फार नाही. म्हटलं, "ही चौकोनी द्या."

"मग फोटू कापाय लागंल की ओ."

"कापीन मी."

साठ वेळा कटर चालवला. एकदाही हात थांबला नाही. उलट बरं वाटत होतं — हे लिहायची लाज वाटते, पण बरं वाटत होतं.

पत्ते घालायला अक्कालाच बोलावलं होतं, अक्षर तिचं चांगलं म्हणून. दादानं कार्ड उचललं. "का गं, अक्का कुठाय ह्यात?"

"मोठी पाकिटं मिळाली न्हाईत," मी म्हटलं.

अक्कानं कार्ड निरखून बघितलं. मला वाटलं, आता भांडेल. भांडायलाच हवं होतं मला — मग मी पुण्याचं काढलं असतं, दोघी रडलो असतो. ती म्हणाली, "बरं केलंस सुजे. शुभाचं कार्ड हाय. माझं कशाला त्यात?"

तिला वाटलं, विधवा म्हणून कापली. आईलाही तेच वाटलं असणार, तिनं नुसती मान फिरवली. आणि मी? "तसं नाही अक्का, तुझ्यावर राग काढलाय" — एवढं एक वाक्य बोलायचं होतं. नाही बोलले. रागाची कबुली देण्यापेक्षा तिला तसं समजू देणं सोयीचं होतं. अक्कानं साठ पाकिटांवर सुबक अक्षरात पत्ते घातले. लग्नपत्रिकेसारखं कोपऱ्यांना हळदीकुंकू लावायचं आईच्या मनात होतं. अक्कानं वाटी माझ्याकडं सरकवली. मी लावलं.

या गोष्टीला आठ वर्षं झाली. गेल्या महिन्यात दादाच्या मुलीचा साखरपुडा होता. फोटोला सगळे उभे राहिले. दादा ओरडला, "अक्का, ये की मधी!" तिनं माझ्या हातातला मोबाईल काढून घेतला. "तुमी ऱ्हावा उभी. मी काढतो." दर वेळी ती हेच करते. आठ वर्षांतल्या आमच्या घरच्या एकाही फोटोत अक्का नाही.

"सुजे, हास की जरा," ती मोबाईलमागून म्हणाली.

मी हसले.