शेवटच्या ओळीचं एंटर

सकाळचे सहा बावन्न. धाटावच्या एका रसायन कंपनीच्या टाइम ऑफिसात दिपिका ठाकूर कंत्राटी कामगारांची यादी कॉपी करते आहे. कंत्राटदाराचा सुपरवायझर ती व्हॉट्सअॅपवर पाठवतो. एका ओळीत एक गेटपास क्रमांक. दिपिका सगळ्या ओळी माउसने निवडते, स्क्रीनवर शेजारच्या काळ्या खिडकीत जाते आणि उजवं बटण दाबते. क्रमांक भराभर वर सरकतात, प्रत्येकापुढे ‘ओके’ उमटतं. मग कंट्रोल आणि सी एकदम दाबून ती प्रोग्रॅम बंद करते आणि गेटवरच्या प्रविणला हात करते. ज्याचा क्रमांक चढला नाही, त्याचं कार्ड गेटवरचं मशीन घेत नाही.

दिपिका एकतीस वर्षांची आहे. माहेर कासूजवळचं, वडील मिठागरावर होते. पेणला बी.कॉम. करताना तिने एमएस-सीआयटीही केलं. लग्नानंतर अष्टमी गावात आली. आता स्कूटीवरून पूल ओलांडून कामावर येते. नवरा मिथुन धाटावलाच दुसऱ्या कंपनीत शिफ्टला आहे. काळ्या खिडकीचा फोटो एकदा तिने घरी दाखवला, तेव्हा सासू म्हणाली, ‘‘शालंतली पाटीच ही. एवढं शिकून परत पाटीवरच आलीस गो?’’

टर्मिनल नावाची ही खिडकी शिकायला तिला आठवडा लागला. एमएस-सीआयटीत कंट्रोल-सी म्हणजे कॉपी. पहिल्याच दिवशी तिने सवयीने ते दाबलं आणि चालू प्रोग्रॅम बंद पडला. तिथे कॉपी करायला नुसतं निवडायचं, चिकटवायला उजवं बटण, आणि कंट्रोल-सी म्हणजे थांब. दुसरी गोष्ट तिला कुणी सांगितली नाही, ती पाहून कळली. चिकटवलेल्या मजकुरात ओळ संपली की मशीन ती लगेच वाचतं. शेवटच्या ओळीनंतर नवी ओळ नसते, म्हणून ती तशीच थांबून राहते. त्या ओळीला एंटर हाताने द्यावं लागतं.

दिपिकाने मात्र ते एकदा सोडलं तर कधी दिलं नाही, कारण द्यायची गरज पडली नाही. जुना सुपरवायझर विठू प्रत्येक यादीखाली ‘सुप्रभात’ लिहायचा. काळ्या खिडकीला मराठी अक्षरं कळत नाहीत, तिथे रिकामे चौकोन दिसायचे. सुरुवातीला एकदा तिने त्यावर एंटर मारलं तर मशीन किंचाळलं. तेव्हापासून यादी चिकटवायची आणि चौकोनांसकट कंट्रोल-सीने बाहेर पडायचं, ही एकच हालचाल झाली. दोन वर्षं ती बरोबर चालली, कारण बाद व्हायचं ते फक्त सुप्रभात.

विठू या सोमवारी काम सोडून गेला. मंगळवारपासून त्याच्या जागी रोशन वाघमारे यादी पाठवू लागला. बारावी झालेला, आदिवासी वाडीतला मुलगा. त्याची यादी गेटपासच्या क्रमाने असते आणि खाली सुप्रभात नसतं.

गुरुवारी सात वाजून तीन मिनिटांनी टाइम ऑफिसच्या खिडकीवर कार्ड आपटलं. ड्रम धुण्याच्या कामावरची ठमी पवार.

‘‘मॅडम, माझं कार्ड मेलं काय? तिसरा दिवस हाय.’’

मागून प्रविण ओरडला, ‘‘मावशी, उलटं लावतेस तू!’’

‘‘सुलटं लावलं, उलटं लावलं, पदरानं पुसलं. आता काय हळदकुंकू लावू त्याला?’’

रांगेतल्या बाया हसल्या. ठमी हसली नाही. महिन्यात तीन खाडे झाले की कंत्राटदार गेटपास रद्द करतो. तिचे दोन लागले होते. गेट सव्वासातला बंद होतं.

‘‘तुमचा नंबर चढलेलाच नाही,’’ दिपिका म्हणाली आणि खिडकीशी आलेल्या रोशनकडे वळली. ‘‘रोशन, यादीत घातलायस ना यांना?’’

रोशनने मोबाइल पुढे केला. ‘‘हाय की. ही बघा, खाली.’’

‘‘काल?’’

‘‘रोज खालीच. काकीचा पास सगळ्यात नवीन.’’

‘‘आणि मला म्हणतो, काकी तूच उशिरा येतेस,’’ ठमी म्हणाली. ‘‘चार वाजता उठते मी. तू उठतोस का?’’

दिपिकाने काळी खिडकी मागे सरकवली. ती आठवडाभर उघडीच होती. मंगळवार, बुधवार, आज. बाकी सगळ्यांपुढे ओके. सगळ्यात खालच्या, ठमीच्या ५१८६ पुढे तिन्ही वेळा कंट्रोल-सीची खूण, तिच्याच बोटांनी दिलेली.

तिने प्रोग्रॅम पुन्हा सुरू केला, क्रमांक हाताने टाकला आणि एंटर दिलं. ओके आलं.

‘‘जा मावशी. आता घेईल.’’

‘‘आणि परवाचा, कालचा?’’ ठमी जागची हलली नाही. ‘‘ते खाडे कोणाचे?’’

‘‘माझी चूक आहे ती. साहेबांना सांगते.’’

‘‘सांगा. नायतर कंत्राटदार म्हनल, ठमीच खोटं बोलते.’’

सात अकराला तिचं कार्ड मशीनने घेतलं.

टाइम ऑफिसचे साहेब साडेनऊला आले. त्याआधी दिपिकाने तिन्ही दिवसांच्या ओळी खिडकीतून निवडून ईमेलमध्ये चिकटवल्या आणि खाली लिहिलं की क्रमांक यादीत होता, कामगार गेटवर होती, नोंद आपल्याकडून राहून गेली. शेजारच्या टेबलावरची सहकारी म्हणाली, ‘‘अगं, मशीन बिघडलं होतं म्हणून टाक ना. कोण बघायला येतंय?’’ दिपिका म्हणाली, ‘‘मशीन बिघडलं असतं तर बाकीचे आत कसे गेले असते?’’

साहेबांनी मेल दोनदा वाचला.

‘‘तुम्हाला मेमो द्यावा लागेल.’’

‘‘द्या, सर. पण खाडे आज काढा. कंत्राटदार संध्याकाळी खाडे मोजतो.’’

दुपारी एकच्या सुमारास दोन्ही खाडे रद्द झाले आणि ते दिवस हजेरीत धरले गेले. मेमो तीन वाजता आला. त्यात ‘निष्काळजीपणा’ हा शब्द होता. दिपिकाने सही केली आणि एक प्रत पर्समध्ये ठेवली. घरी मिथुनला दाखवणार का, असं शेजारच्या टेबलावरून विचारल्यावर ती म्हणाली, ‘‘दाखवणार. त्याला स्वतःला दोन मिळालेत.’’

ठमीला खबर रोशनने दिली. ती ड्रम उपडा करत होती. ‘‘बरं झालं,’’ एवढंच म्हणाली, आणि पाण्याचा पाइप मागितला.

संध्याकाळी टाइम ऑफिसच्या दारावर नोटीस लागली. यादी चिकटवल्यावर किती क्रमांक चढले तो आकडा टाइम ऑफिसने सुपरवायझरला उलट कळवायचा आणि त्याचं उत्तर आल्यावरच प्रोग्रॅम बंद करायचा. नोटीस शुक्रवारच्या पहिल्या शिफ्टपासून लागू आहे. पहिला आकडा उद्या सकाळी सातच्या आत जायचा आहे.