बर्फावर मी घसरलो नव्हतो

"आबा बर्फावर घसरून धाडकन आपटले, ते बघून पोरगी खदाखदा हसली आणि तिची भीती पळाली. तीन रविवार शिक्षिकेला जे जमलं नाही, ते आबांच्या एका आपटण्यानं झालं!"

ही माझ्या मुलाची कथा. गणपतीच्या आरतीनंतर, हातात प्रसादाची वाटी घेऊन, त्याने ती तीस माणसांसमोर सांगितली. तेव्हापासून हॉलंडमधल्या आमच्या नीउ-व्हेनेप गावातल्या कोणत्याही मराठी घरात मी पाऊल टाकले की कोणीतरी खुर्ची पुढे करतो आणि म्हणतो, "काका, जपून हं, फरशी गुळगुळीत आहे." लोक हसतात. हसू द्यावे. परंतु घडले ते असे नव्हे, आणि जे घडले नाही ते माझ्या नावावर खपवले जात असताना गप्प बसण्याचा माझा स्वभाव नाही.

मी एकतीस वर्षे शाळेत शारीरिक शिक्षण शिकवले. मल्लखांब हा माझा खास विषय. नव्या मुलाला खांबाला हात लावू देण्यापूर्वी मी त्याला आठ दिवस नुसते गादीवर पडायला लावीत असे. पालक तक्रार घेऊन येत. "सर, आम्ही काय मुलाला पडायला पाठवतो?" मी म्हणत असे, "होय. उठणं त्याशिवाय कसं शिकणार?"

आता बर्फाकडे वळतो. या देशात डोंगर नाहीत, पण स्कीइंगची हौस दांडगी. म्हणून एका अवाढव्य छपराखाली, शीतगृहाच्या गारठ्यात, कृत्रिम बर्फाचा उतार केलेला असतो आणि फेब्रुवारीच्या सुट्टीत ऑस्ट्रियाला जाणारी कुटुंबे मुलांना आधी तिथे शिकवून घेतात. आमचे कुटुंबही जाणार होते. नातवाला गेल्या वर्षीपासून येत होते. नात सहा वर्षांची, तिने पायांत स्की प्रथमच बांधल्या होत्या. चार रविवारांचा वर्ग होता. शिक्षिका लाल जाकिटातली एक तरुण डच मुलगी, आणि शिकवणे अगदी चोख: दोन्ही स्कींची टोके पिझ्झाच्या तुकड्यासारखी जुळवली की वेग मरतो आणि माणूस थांबतो. नातीला हे दुसऱ्याच रविवारी जमले. उतारावरून ती सुरेख येई, सुरेख थांबे. तेव्हा "तिची भीती" हा त्या कथेतला शब्दही खोटाच आहे. उताराला ती कधीच भ्याली नाही.

अडचण निराळी होती. ती पडली की पडून राहायची. दोन्ही हात पसरून, वर बघत, निवांत. कारण पुढे काय होणार हे तिला ठाऊक होते. सूनबाई कठडा ओलांडून धावत जाई, तिला उचलून उभी करी आणि हातमोजा घातलेल्या हाताने बर्फाला फटके देई. "हात् रे बर्फा! माझ्या सोनीला पाडतोस? मुंगी मेली बघ, मुंगी!"

"शून्याखाली मुंगी कुठून आणलीस?" माझा मुलगा कठड्यावरून ओरडे.

"तू गप रे!"

शिक्षिकेने मला विचारले, "त्या बर्फाला का मारतात?" मी माझ्या इंग्रजीत समजावले की आमच्याकडे मूल पडले की जमिनीला शिक्षा करण्याची रीत आहे.

"आणि मुंगीची गोष्ट मुलीला खरी वाटते?"

"नाही," मी म्हटले, "पण जमिनीला शिक्षा झाल्याशिवाय उठायचं नसतं, हे तिला खरं वाटतं."

इथे एक गोष्ट मीच कबूल करतो, म्हणजे दुसऱ्या कोणाला ती उकरून काढावी लागणार नाही. हीच मुंगी मी माझ्या मुलासाठी पुण्यातल्या शहाबादी फरशीवर शेकडो वेळा मारली आहे. शाळेत सर असलेला माणूस घरी येऊन बापच होतो.

तिसऱ्या रविवारी शिक्षिकेने, इथल्या लोकांच्या स्वभावाप्रमाणे, आडपडदा न ठेवता सांगितले. मुलीला थांबता येते, उठता येत नाही. पुढच्या रविवारीही आले नाही, तर डोंगरावर तिला वर नेणाऱ्या गटात घालता येणार नाही. खाली अगदी लहान मुलांच्या खेळाच्या अंगणात ठेवावे लागेल.

परतताना गाडीत नातू म्हणाला, "तुला तिथे बाटलीपण देतील, दुधाची."

ती रडली नाही. खिडकीबाहेर बघत एवढेच म्हणाली, "आबा, मला बेबींमध्ये बसवणार." घरी एरवी डचमध्ये उत्तरे देणारी मुलगी हे मराठीत बोलली, आणि माझा निश्चय झाला.

घरी मी जाहीर केले, या रविवारी तिला कोणी उचलायचे नाही.

"आबा, सहा वर्षांची आहे हो ती!"

"मल्लखांबाला मी सहाचीच घेत होतो."

"तिथे खाली गादी असायची."

"आणि इथे बर्फ आहे, सूनबाई. गादीपेक्षा मऊ."

चौथ्या रविवारी ती पहिल्याच फेरीत पडली. हात पसरले. सूनबाईचा पाय कठड्यावर गेला. मी म्हटले, "थांब." बाकीची मुले तिच्या बाजूने सरसरत खाली गेली. मिनिटभर कोणी आले नाही, तेव्हा तिने मान वळवून आमच्याकडे पाहिले आणि हाक मारली, "आई!"

मी कठडा ओलांडला. शिक्षिका ओरडली, "ओपा, बाहेर थांबा!" ओपा म्हणजे आजोबा. मी एक बोट वर केले, एकच मिनिट. नातीपासून तीन हातांवर उभा राहिलो, गुडघे दुमडले, आणि आधी मांडी, मग कंबर, मग खांदा असा डाव्या कुशीवर पडलो. ह्याच क्षणी चिरंजीवांनी मोबाइल बाहेर काढला. त्यामुळे त्यांच्या व्हिडिओची सुरुवातच मी आडवा असताना होते.

"बघ," मी म्हटले. "पाय उताराला आडवे. हात वरच्या बाजूला. आता रेटा." उठलो. पुन्हा पडलो, पुन्हा उठलो.

"नोख एन कीर," ती म्हणाली. आणखी एकदा.

तिसऱ्या वेळी उजव्या गुडघ्याने साथ सोडली. हे मी नाकारीत नाही. व्हिडिओत ऐकू येणारा कण्हण्याचा आवाज माझाच आणि खराच आहे. चौऱ्याहत्तराव्या वर्षी गुडघा मालकाला विचारत नाही. मुलगा धावत आला. "आबा, हात द्या!"

"हात लावलास तर बघ!"

तो हात मी धरला असता तर सगळे तिथेच संपले असते. मोठ्यांनाही शेवटी कोणीतरी उचलतेच, एवढाच धडा तिने घेतला असता आणि फेब्रुवारीत दुडदुडणाऱ्या पोरांत जाऊन बसली असती. मी बर्फात बोटे रुतवली, कूस बदलली, डाव्या पायावर भार घेतला. किती वेळ लागला, सांगता येणार नाही. उभा राहून वळलो, तो तीही उभी होती. स्की उताराला आडव्या, हातमोज्यांना बर्फ चिकटलेला, आणि शेजारी कोणी नाही. मग ती हसली. आधी उठली, मग हसली. फेब्रुवारीत ती वरच्या गटात गेली.

मुलगा यावर म्हणतो, "आबा, तुमची पाठ होती तिच्याकडे. आधी काय आणि नंतर काय, तुम्हाला कसं कळणार?" मुद्दा बरोबर आहे, मी माझा तो दावा सोडून देतो. "आणि घसरलेला प्रत्येक माणूस म्हणतो, मी मुद्दामच बसलो." हेही मान्य. मग कोणाच्या शब्दावर विसंबूच नये. सूनबाईला एवढेच विचारावे, कठडा ओलांडण्यापूर्वी मी तिच्या हातात काय दिले होते. माझा चष्मा. तो तिने कोटाच्या खिशात ठेवला होता, आणि परतताना गाडीत तिनेच तो मला काढून दिला.