दळवी सरांची सातची फाइल

गेलेला माणूस रोज संध्याकाळी पेटी वाजवतो का?

हसू नका. कालपासून मला दुसरं काही सुचत नाहीये.

दळवी सर, रबाळ्याच्या कंपनीतले माझे सीनियर. आज त्यांना जाऊन वर्ष झालं.

नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात मी एक tar फाइल, म्हणजे अनेक फाइलींचं एकत्र बांधलेलं गाठोडं, आत न बघता थेट उघडली. त्यातल्या जुन्या फाइली चालू फोल्डरमधल्या नव्या फाइलींवर बसल्या, दोन दिवसांचं काम पुसलं गेलं.

सर ओरडले नाहीत. खुर्ची ओढून शेजारी बसले.

"अरे घाईच्या, कमांडमध्ये t कशासाठी असतो? t म्हणजे आत काय आहे ते नुसतं बघ. x म्हणजे बाहेर काढ. आधी t, मग x."

घरी सर रोज सातला पेटी वाजवायचे. कॉम्प्युटर आपोआप रेकॉर्ड करून त्या दिवसाची tar फाइल दाबून, लहान करून ठेवायचा.

"शांतता दाबली की काही उरत नाही रे," म्हणायचे. "ज्या दिवशी वाजवलं नाही, त्या दिवशीची फाइल एवढीशी."

काल दुपारी दळवी वहिनींनी सानपाड्याला घरी बोलावलं.

"त्यांची शेवटची पेटी काढून दे. आणि ते मशीन बंद कर बाबा. वर्षभर कोणी हात लावला नाही. मला भीती वाटते त्याची."

आधी t केलं. मग x.

सर खोकले. मग पेटी. वहिनी तोंडाला पदर लावून ऐकत होत्या. मीही रडलो.

मशीन बंद करण्याआधी सहज यादी बघितली. सर गेल्यावरही रोज एक फाइल होतीच. तेराव्यापर्यंत सगळ्या एवढ्याशा.

चौदाव्या दिवसापासून मोठ्या. सर वाजवायचे तेव्हा असायच्या, तेवढ्याच. थेट परवापर्यंत.

"वहिनी, सातला या खोलीत कोण असतं?"

"कोण असणार? मी देवळात जाते, कुलूप लावून."

मी काय दिसतंय ते सांगितलं. परवाच्या फाइलवर t केलं. आत एकच नाव, पेटी. x टाइप केलं, पण एंटर दाबवेना.

वहिनींनी माझा हात कीबोर्डवरून बाजूला केला.

"नको उघडूस," म्हणाल्या. "आणि बंदही करू नकोस."

भावपूर्ण श्रद्धांजली लिहायला घेतलं होतं, सर. नाही लिहवत.

आज सातला वहिनी देवळात जाणार नाहीयेत. घरीच आहेत.

वाजवा मनसोक्त.