भर समुद्रात अंथरलेली सतरंजी

समुद्राचं पाणी दिवसातून दोनदा चढतं आणि उतरतं, हे मी परभणीच्या शाळेत तीस वर्षं शिकवलं. त्यावर माझा विश्वास मात्र गेल्या कार्तिकात बसला.

सई, कबीर, तुम्हीच परदेशातून फोनवर म्हणाला होतात, "आजी, आमच्याकडे थंडी सुरू झाली की लांब, वाकड्या चोचीचा एक पक्षी कोकणात जातो. त्याचा फोटो पाठव ना!" मी शब्द दिला. हाताशी एकच दिवस होता. रात्री परतीची गाडी. मी वेळापत्रक केलं: सातला किनारा, आठला पक्षी, नऊला धपाटे. (पक्ष्याला कळवायचं तेवढं राहिलं.) सोबत तुमचे आजोबा आणि राणीसावरगावची त्यांची बहीण शांता.

पाणी पार लांब गेलेलं. नुसता चिखल, आणि त्याच्या पलीकडे मोहरीएवढे पक्षी!

"वैनी, कावळा हाय का कोंबडी, काईच कळंना."

"मग पुढे जाऊ. त्या लांबुडक्या खडकापाशी बसू."

"आन् पानी आलं म्हंजी?"

"अगं, दसरा होऊन गेला! गंगाखेडला गोदावरी एकदा उतरली की पावसाळ्यापर्यंत परत येते का?"

आजोबांनी मान डोलावली. आम्ही तिघंही नदीच्या वाळूत दिवसभर पसरणारी माणसं! सतरंजी अंथरली, चपला ओळीत लावल्या (माझी शिस्त!), डबा उघडला. आठ वाजले, नऊ वाजले, दहा वाजले. धपाटे संपत आले, पक्षी तिथेच.

किनाऱ्यावर मोठाले कॅमेरे घेतलेली काही माणसं जोरजोरात हातवारे करत होती. किती अगत्याचे लोक! मीही हात हलवला.

"वैनी, माजी चप्पल जायलीय!"

बघते तर सहाही चपला, ओळ न मोडता, किनाऱ्याकडे निघालेल्या!

"खडकावर चढा!" आजोबा गरजले. शांतानं पदर खोचून डबा डोक्यावर घेतला. मी आजोबांना ढकललं, आजोबांनी मला ओढलं. आम्ही वर पोचलो आणि सतरंजी गेली. खाली घोटाभर पाणी, मग गुडघाभर, मग कमरेएवढं!

"काढ आता माझाच फोटो," आजोबा म्हणाले. "हार घालायला लागंल!"

मला रडूच यायचं बाकी होतं. दिवस गेला, तुम्हाला दिलेला शब्दही गेला.

आणि पक्षी आले! चिखल बुडत गेला तसे ते मागे सरकत सरकत उरलेल्या एकुलत्या एक कोरड्या जागेवर आले. म्हणजे आमच्याच खडकावर! दुसऱ्या टोकाला बारीक पायांची ही गर्दी, आणि मधोमध तो! कोंबड्याएवढा, चोच विळ्यासारखी.

"हलू नका," मी कुजबुजले.

"हलून जातो कुठं आता?" शांता म्हणाली.

फोटो निघाला. एक नाही, सत्तावीस!

चारच्या सुमाराला पाणी उतरलं आणि आम्ही अनवाणी किनाऱ्यावर आलो. कॅमेरेवाल्यांचा म्होरक्या धावत आला. मी बोलणी खायच्या तयारीत, तर त्यानं चक्क हात जोडले!

"आजी, आम्ही उगाच तुम्हाला परत बोलवत होतो. तीन दिवस बसलोय, पण इतक्या जवळून एकालाही दिसला नाही. भरतीला ते त्याच खडकावर येणार, हे कसं ओळखलंत?"

"अभ्यास," मी चष्मा पुसत म्हणाले. शांतानं तोंडात पदर कोंबला.

"पुढच्या वर्षी आमच्या नव्या लोकांना शिकवायला याल?"

मी लगेच होकार दिला. फक्त पोहता येणारेच पाठवा, एवढी एक अट घातली!